‘टेन्शन घेऊ नको’ म्हटल्याने भीती जात नाही
हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे मन आणि आपली जबाबदारी

आपल्या वस्तीत कोणाला अटॅक आला की पहिले आठ दिवस सारी वस्ती धावून जाते. कोणी रात्री बारा वाजता गाडी काढतो, कोणी योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन दवाखान्यात पळतो, कोणी पेशंटच्या घरच्यांसाठी डबा नेतो. धावून जाण्याची ही सवय आपल्याला चळवळीने लावली आहे. मग पेशंट घरी येतो. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, केळी-सफरचंदांचा ढीग पडतो. महिनाभराने सगळे आपापल्या कामाला लागतात आणि त्या घरात दुसरेच दुखणे सुरू होते. त्याला कोणी नाव देत नाही, म्हणून त्यावर उपायही होत नाही.

ते दुखणे म्हणजे भीती. वलगाव आणि अमरावतीच्या आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये काम करताना ती वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. “मले रात्री झोपाचं भेव लागते. झोपलो अन् उठलोच नाही तं?” कोणी दिवसातून दहा वेळा नाडी मोजतो. कोणी बीपीचे मशीन उशाशी घेऊन बसतो. कोणी एकट्याने शौचालातही जात नाही, दाराची कडी लावू देत नाही. काल-परवापर्यंत सेंट्रिंगच्या फळ्या उचलणारा माणूस अंगणाच्या बाहेर पडत नाही, लहानसहान गोष्टीवर चिडतो, नातवाच्या रडण्यानेही दचकतो. आणि भेटायला येणारा प्रत्येक जण एकच मंत्र देऊन जातो : “काई टेन्शन घेऊ नको.”

हे वाक्य प्रेमाने म्हटलेले असते. पण त्याचा उपयोग होत नाही. भीतीला ‘येऊ नको’ म्हटल्याने ती जात नाही. ती नेमकी कशाची आहे हे विचारून, एकेक धागा सोडवून तिला उत्तर द्यावे लागते. हा लेख त्यासाठीच आहे. विशेषतः ज्या तरुणांच्या घरात किंवा शेजारी असा पेशंट आहे, त्यांच्यासाठी.

ही भीती येते कुठून?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. अटॅकनंतर भीती वाटणे हा भित्रेपणा नाही आणि अडाणीपणाही नाही. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग यांचे उदाहरण महाराष्ट्राला माहीत आहे. आयुष्य आरोग्याच्या कामात घालवलेल्या या डॉक्टरांना चाळिशीतच हृदयविकाराने गाठले. त्या अनुभवावर त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे पुस्तक लिहिले आणि मराठी घराघरांत ते वाचले गेले. हृदयरोगाने डॉक्टरलाही स्वतःच्या मरणाकडे आणि जगण्याच्या पद्धतीकडे नव्याने पाहायला लावले. मग मजुरी करणाऱ्या आपल्या बापाला, काकाला भीती वाटली तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

आता शरीरात काय घडते ते पाहू. धोका दिसला की मेंदू गजर वाजवतो. रक्तात ॲड्रेनालिन सुटते, छाती धडधडते, श्वास वाढतो, घाम फुटतो, हातपाय थरथरतात. साप दिसल्यावर पळता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. अटॅकमधून वाचलेल्या माणसाचा हा गजर फार हळवा होतो. छातीत जरा चमक आली, जिना चढताना धाप लागली, की तो वाजतो. गजर वाजला की धडधड वाढते, आणि धडधड वाढली की माणसाला वाटते पुन्हा अटॅक आला. भीतीची लक्षणे आणि हृदयाच्या त्रासाची लक्षणे इतकी सारखी असतात की भीती स्वतःलाच खतपाणी घालत राहते.

हा प्रश्न आपल्याकडे मोठा होण्याचे आणखी एक कारण आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी, म्हणजे साधारण ५३ व्या वर्षी येतो असे दिसले. त्या वयात मुलीचे लग्न व्हायचे असते, मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असतो, घराचे कर्ज अर्धे फिटलेले असते. म्हणजे अटॅक कमावत्या माणसाला येतो आणि भीती सगळ्या घराला धरते.

ही भीती दुर्लक्ष करण्यासारखी नाही. अटॅकनंतरच्या चिंतेवरचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१० साली मांडलेला निष्कर्ष असा होता की ज्यांची चिंता जास्त, त्यांना पुढे हृदयाचा त्रास होण्याचा धोका सुमारे ३६ टक्क्यांनी जास्त असतो. नैराश्याबद्दल अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितले की अटॅकनंतरचे नैराश्य हाही धोक्याचा एक घटक मानावा. हे वाचून पेशंटने आणखी घाबरायचे कारण नाही. घाबरलेला माणूस चालणे टाळतो, गोळ्या चुकवतो, तंबाखूकडे परत वळतो, आणि यातला बराचसा धोका अशा वाटेनेही येतो. ही वाट अडवता येते.

नकुलमातेने काय केले

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. नकुलपिता नावाचा उपासक फार आजारी पडला. तो मरणाच्या दारात असताना त्याची पत्नी नकुलमाता त्याच्याजवळ बसली. काळजी करू नका, एवढे बोलून ती थांबली नाही. नवऱ्याच्या मनात कोणकोणत्या चिंता असतील याचा तिने विचार केला आणि एकेक चिंता तोंडाने उच्चारून तिला उत्तर दिले. तुमच्यामागे मुलांना कोण पोसेल असे वाटत असेल, तर मला सूत काततायेते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर तसे होणार नाही. बुद्धाकडे, संघाकडे माझे जाणे सुटेल असे वाटत असेल, तर मी अधिकच जाईन. शील, मनाची शांती, धम्मावरची निष्ठा, सगळ्यांबद्दल तिने असेच सांगितले. नकुलपिता त्या आजारातून उठला आणि काठी टेकत बुद्धांना भेटायला गेला. अशी पत्नी मिळाली हे तुझे भाग्य, असे बुद्धांनी त्याला सांगितले.

वऱ्हाडासारख्या कापसाच्या मुलखात ही गोष्ट लगेच समजते. सूत कातून घर चालवीन असे म्हणणारी बाई भावनेच्या भरात बोलत नव्हती. तिच्याजवळ हिशेब होता. आजच्या समुपदेशनातही पहिली पायरी हीच असते : मोघम भीतीचे नेमक्या प्रश्नांत रूपांतर करायचे आणि ज्या प्रश्नाला उत्तर आहे त्याला ते द्यायचे. अटॅकनंतरच्या माणसाच्या मनात साधारण पाच प्रश्न असतात. ते एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न : हे दुखणे पुन्हा अटॅकचे तर नाही?

भीतीने आलेली धडधड आणि हृदयाचे दुखणे यांतला फरक घरी बसून नक्की ओळखता येत नाही. म्हणून अंदाज बांधत बसू नका, नियम ठरवून ठेवा. छातीत दाब किंवा आवळल्यासारखे दुखणे, ते हात, जबडा, पाठ किंवा मानेकडे जाणे, दरदरून घाम, श्वास न पुरणे, मळमळ, अंधारी, यातले काही झाले तर जिथे आहात तिथे बसा. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली असेल तर त्यांनी सांगितल्याप्रमाणे घ्या. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करा. स्वतः मोटारसायकल चालवत निघू नका. बाईला किंवा शुगरच्या पेशंटला छातीत न दुखता फक्त धाप, थकवा, पोटात जळजळ असेही होऊ शकते. त्यामुळे “ॲसिडिटी असन” म्हणून रात्र काढू नका.

दवाखान्यात गेल्यावर ईसीजी ठीक निघाला, डॉक्टर म्हणाले घाबरल्यामुळे झाले, तर ती फेरी वाया गेली असे कोणी म्हणू नये. “उगाच पळवलं” हे वाक्य ऐकले की पुढच्या वेळी माणूस खरे दुखणेही लपवतो.

हा नियम कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. सोबत गोळ्यांची यादी, डॉक्टरांचा नंबर, जवळच्या दोन गाडीवाल्यांचे नंबर. काय करायचे हे ठरलेले असले की रात्रीची भीती अर्ध्यावर येते, कारण मग प्रत्येक धडधडीला नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही.

दुसरा प्रश्न : चाललो तर स्टेंट सरकेल का?

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली धातूची बारीक जाळी. ती चालल्याने, हसल्याने, शिंकल्याने सरकत नाही. काही महिन्यांत तिच्यावर वाहिनीचे आतले अस्तर चढते. स्टेंटला खरा धोका रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच बंद केल्याने होतो. “आता बरं वाटते” म्हणून किंवा “गोळ्यांनी गरमी होते” म्हणून त्या बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. अटॅकनंतर दोन प्रकारच्या अशा गोळ्या साधारण वर्षभर दिल्या जातात. किती दिवस घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

आणखी एक गोष्ट. नाडी संथ ठेवणाऱ्या गोळीने नाडी साठीच्या खाली दिसू शकते. मशीनवर ५८ आकडा पाहून कितीतरी जण घाबरतात. ते बहुतेक वेळा त्या गोळीचे काम असते. चक्कर किंवा अंधारी येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

चालण्याबद्दल सांगायचे तर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि आठवड्या-आठवड्याने वाढवत अर्ध्या तासापर्यंत जा. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल इतकी धाप लागली तर वेग जास्त आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा चालणे उजाडायच्या वेळीच उरका. जेवण झाल्याबरोबर चालू नका. पहिले काही दिवस कोणीतरी सोबत चाला. मुलाने किंवा भाच्याने रोज वीस मिनिटे बापासोबत चालणे यापेक्षा मोठे औषध या टप्प्यावर नाही. रोज थोडे चालून सुखरूप घरी आलेल्या माणसाला आपले शरीर पुन्हा भरवशाचे वाटू लागते. हळवा झालेला गजर असाच हळूहळू शांत होतो.

तिसरा प्रश्न : रात्र कशी काढू?

रात्र सगळ्यात अवघड. घर झोपलेले असते, छातीचा ठोका उशीत ऐकू येतो. यात एक कारण आपण विसरतो, ते म्हणजे खर्रा. अटॅक आल्यावर डॉक्टरांच्या धाकाने खर्रा, बिडी, तंबाखू एका दिवसात सुटते. ते फार चांगले. पण वर्षानुवर्षे मिळणारे निकोटिन बंद झाले की पहिले काही आठवडे बेचैनी, चिडचिड, झोपमोड होते. माणसाला वाटते हृदय बिघडले. हे तंबाखू सुटल्याचे लक्षण आहे आणि ते ओसरते, एवढे समजले तरी पुष्कळ धीर येतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मदत मिळते.

झोपेसाठी दारूचा पेग घेऊ नका. त्याने डोळा लागतो, पण झोप मोडते आणि ठोक्यांची लय बिघडू शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी आणू नका, तिची सवय लागते. दिवसा दोन-दोन तास झोपू नका. झोपायच्या खोलीतून बीपीचे मशीन बाहेर काढा. बीपी कधी आणि किती वेळा मोजायचे हे डॉक्टरांना विचारून ठरवा आणि तेवढेच मोजा.

चौथा प्रश्न, जो कोणी विचारत नाही

नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल ना पेशंट विचारतो, ना बहुतेक दवाखान्यांत कोणी आपणहून सांगते. दोघेही मनात धास्ती घेऊन वेगवेगळ्या खाटांवर झोपतात आणि दुरावा वाढतो. साधारण नियम असा की दोन मजले जिना बऱ्यापैकी वेगात चढून छातीत दुखले नाही, धाप लागली नाही, तर शरीर तयार आहे असे मानतात. तरी डॉक्टरांना एकदा विचारा. मात्र ताकदीच्या म्हणून मिळणाऱ्या गोळ्या परस्पर घेऊ नका. जिभेखालच्या गोळीसोबत त्या घेतल्या तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

पाचवा प्रश्न : घर कसे चालेल?

समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये ‘आजाऱ्याची भूमिका’ ही कल्पना मांडली. त्यांच्या मते आजारी माणसाला समाज काही दिवस कामातून सूट देतो आणि बदल्यात त्याने बरे होण्यासाठी प्रयत्न करावेत अशी अपेक्षा ठेवतो. पगारी नोकरदाराला ही सूट रजेच्या रूपाने मिळते. रोजंदारीवर सेंट्रिंग करणाऱ्याला, ऑटो चालवणाऱ्याला, सोयाबीन कापणाऱ्या बाईला ती कोण देणार? महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी होते. पण पुढच्या दोन-तीन महिन्यांची बुडालेली मजुरी, गोळ्यांसाठीच्या फेऱ्या आणि सावकाराचा हप्ता घरावरच पडतो. म्हणून आपल्या वस्तीतल्या पेशंटची भीती फक्त मरणाची नसते. “मी जगलो अन् कामाचा नाही राह्यलो तं?” ही त्याहून मोठी असते. या भीतीवर निव्वळ ध्यान सांगणे म्हणजे चेष्टा आहे. तिला हिशेबानेच उत्तर द्यावे लागते : कोणते काम कधी सुरू करता येईल, कोणते जड काम कायमचे बदलावे लागेल, बचतगटाचा हप्ता पुढे ढकलता येईल का, घरातला दुसरा कोण किती भार उचलेल. नकुलमातेने नेमके हेच केले होते.

बाईला अटॅक आला तर गोष्ट आणखी वेगळी असते. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी ती चुलीसमोर असते. तिला सूट द्यायची असते हे घराच्या ध्यानातही येत नाही. पुरुषाच्या आजारात बायको जागते. बाईच्या आजारात कोण जागणार, हे कार्यकर्त्यांनी त्या घरात जाऊन स्पष्ट विचारले पाहिजे. आणि पुरुष आजारी असेल तर त्याच्या पत्नीची चौकशी वेगळी करा. रात्री त्याचा श्वास चालू आहे का हे पाहत बसणारी ती असते, आणि तिला कोणी विचारत नाही.

हे कर्माचे फळ आहे का?

बरेचदा पेशंटच्या मनात हा प्रश्नही टोचत असतो. भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी तो पेरून जातो. संयुक्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना जवळजवळ हेच विचारले होते : माणसाला होणारे सगळे सुखदुःख पूर्वकर्मामुळे होते, हे खरे का? बुद्धांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, अपघात अशी कितीतरी कारणे त्यांनी सांगितली आणि सगळे पूर्वकर्मावर ढकलणे अनुभवाला धरून नाही असे सांगितले. अटॅकची कारणेही शोधता येतात : तंबाखू, वाढलेला रक्तदाब, शुगर, चरबी, सततचा ताण, घराण्यातला आजार. यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडा-ताईत आणि उतारा शिरतो तो याच भीतीच्या फटीतून. म्हणून भीतीवर काम करणे हे अंधश्रद्धेविरुद्धचेही काम आहे.

ध्यानाबद्दल दोन शब्द. संथ श्वास आणि आनापान यांनी गजर शांत व्हायला मदत होते. भारतातल्या २४ रुग्णालयांत अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येण्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही. पण योग करणाऱ्यांना तब्येत अधिक चांगली वाटली आणि पूर्वीच्या कामांकडे ते अधिक प्रमाणात परतू शकले. म्हणजे ध्यान-योगाने गोळ्यांची जागा घ्यायची नाही, गोळ्यांच्या शेजारी बसायचे. काही जणांना सुरुवातीला डोळे मिटून छातीकडे, श्वासाकडे लक्ष दिले की उलट भीती वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून सावकाश चालत, पावलांवर लक्ष ठेवावे. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायचे असेल तर डॉक्टरांची परवानगी घ्या, अर्जात आजार लपवू नका आणि शिबिरात एकही गोळी चुकवू नका.

भीती हटतच नसेल तर

पहिल्या काही आठवड्यांत भीती, रडू येणे, झोपमोड हे बहुतेकांना होते आणि हळूहळू कमी होते. कमी होत नसेल तर जगभर वापरले जाणारे दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा घाबरल्यासारखे, बेचैन वाटले? आणि किती वेळा काळजी थांबवताच आली नाही? प्रत्येक प्रश्नाला ‘अजिबात नाही’ याला ०, ‘काही दिवस’ याला १, ‘अर्ध्याहून जास्त दिवस’ याला २, ‘जवळजवळ रोज’ याला ३ गुण. बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांशी बोलायची वेळ झाली. हा निकाल नव्हे, पुढे तपासून घ्या एवढीच ती खूण आहे.

उपचार आहेत. बोलून करायच्या उपचारांत भीतीचे विचार तपासायला आणि टाळलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करायला शिकवतात. गरज पडल्यास हृदयरोग्यांनाही चालतील अशी औषधे मनोविकारतज्ज्ञ देतात. त्यांना हृदयाच्या सगळ्या गोळ्या दाखवा. अमेरिकेत २,४८१ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा उपचाराने नैराश्य कमी झाले, पण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी रात्रीची झोप, घरातले बोलणे, नातवाला कडेवर घेण्याची हिंमत परत मिळणे हे काय थोडे आहे?

अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, मानसिक आरोग्याच्या सेवेची चौकशी करा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. “मी असून काय उपयोग”, “तुमच्यावर ओझं झालो” अशी वाक्ये कोणी बोलू लागला तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि लगेच मदत घ्या.

विहाराने आणि तरुणांनी काय करावे

वलगावच्या पेढी नदीने एक मोठे मरण पाहिले आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, आजारी गाडगेबाबांना अमरावतीला नेत असताना इथेच त्यांची प्राणज्योत मालवली. या माणसाने देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा रुग्णालयात उपचारासाठी येणारे कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. दवाखान्यात इलाज होतो, पण आजाऱ्याला टेकायला जागा समाजाने द्यायची असते, हे त्यांना कळले होते. आणि आपल्याकडे तर विनयपिटकातली ती गोष्ट आहेच : अतिसाराने लोळागोळा झालेल्या, कोणी न विचारलेल्या भिक्खूला स्वतः बुद्धांनी आनंदासोबत आंघोळ घातली आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा माना असे संघाला बजावले.

यातून करायची कामे फार मोठी नाहीत.

पेशंट घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात गर्दी करू नका. भेटीची पाळी लावा आणि ती तीन महिने चालवा. गर्दी ओसरल्यावर येणारा माणूसच खरा उपयोगाचा.

भेटायला गेल्यावर “आमच्या साळ्याचं असंच झालं, सहा महिन्यांनी गेला” हे किस्से बंद करा. “कशाचं भेव वाटते, मामा?” असे विचारा आणि उत्तर पूर्ण ऐकून घ्या. लगेच सल्ला देऊ नका.

दोन-तीन तरुणांनी पेशंटसोबत सकाळी चालायची जबाबदारी वाटून घ्या. गोळ्या संपण्याच्या आधी आणून देणारा एक जण ठरवा.

पौर्णिमेच्या वंदनेनंतर एखाद्या डॉक्टरांना बोलवा आणि छाती दाबून जीव वाचवण्याची पद्धत शिकून घ्या. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. प्रत्येक वस्तीत हे येणारे पाच जण असले तर सगळ्यांनाच धीर येतो.

जयंतीच्या आणि वरातीच्या मिरवणुकीत अशा घरासमोर डीजेचा आवाज बंद करा. बाबासाहेबांच्या लेकरांनी आजाऱ्याच्या दारात शांत व्हावे यात जयंतीची शान कमी होत नाही.

शेवटचे, तरुणांनी स्वतःकडेही पाहावे. तिशीतच खर्रा, जागरण आणि ढाब्यावरचे तेल अंगवळणी पडले असेल तर बापाच्या उशाशी बसून आपण आपल्याच वीस वर्षांनंतरच्या खाटेकडे पाहत आहोत. बीपी आणि शुगर आजच तपासून घ्या.

अटॅकनंतर माणूस जगला, यात डॉक्टरांचे, औषधांचे आणि वेळेवर निघालेल्या गाडीचे श्रेय आहे. तो पुन्हा अंगणाबाहेर पडला, रस्त्याने चालला, विहारात येऊन बसला, तर त्याचे श्रेय तुमचे असेल. आज संध्याकाळी अशा एका घरी जा. केळी नेऊ नका. अर्धा तास बसा आणि विचारा.

जय भीम! नमो बुद्धाय!